सहलीचे पैसे एकाने भरले, विम्याचा दावा कोणाचा?

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग यांजकडून)



गाळप हंगाम आटोपला, उसाची बिले बँकेत जमा झाली, खोडव्याची पाचट कुट्टी करून पहिले पाणी दिले, की आपल्या कार्यक्षेत्रात सहलींचे बेत सुरू होतात. पूर्वी वर्गणी काढून एस. टी. ची गाडी ठरवायची आणि पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर करून यायचे. आता काशी, अयोध्या, रामेश्वर, चारधाम ही नेहमीची ठिकाणे झाली आहेत. मुलगा परदेशी असेल तर आई-वडील दुबई आणि युरोपही पाहून येतात.

आणखी एक बदल आम्हास गटागटांतून फिरताना दिसतो. पूर्वी ज्याचे त्याने भरायचे. आता बहुधा घरातील एकच जण सगळ्यांचे भरतो. पुण्यात नोकरीस असलेला पुतण्या भरतो, जावई भरतो, नाहीतर चांगले बिल निघालेला थोरला भाऊ भरतो. यात प्रेम आहे, मोठेपणा आहे. परंतु प्रवासात कोणी आजारी पडले, अपघात झाला किंवा सहलच रद्द करावी लागली, की मग विम्याचा कागद शोधला जातो, आणि तेव्हा प्रश्न उभा राहतो की हा पैसा मागायचा कोणी? ज्याने भरले त्याने, की जो गेला त्याने? याची चार शब्दांत माहिती द्यावी म्हणून हा लेख.

नोंद कोणाची, बिल कोणाचे

आपल्या सभासदांना ही गोष्ट समजण्यास अवघड नाही. बेण्याचे पैसे थोरल्याने दिले, खत धाकट्याने आणले, पाणी दोघांनी पाळी लावून दिले. पण उसाची नोंद ज्याच्या नावे, तोडणीची स्लिप त्याच्या नावे, काटा पावती त्याच्या नावे आणि बिलही त्याच्याच खात्यावर. खताचा पैसा कोणी घातला हे कारखान्याचा हिशेब विभाग विचारत नाही. ते भावाभावांनी घरात बघायचे.

विम्यातही पहिला नियम हाच. पॉलिसीत किंवा प्रमाणपत्रात ‘विमा उतरविलेली व्यक्ती’ म्हणून ज्याचे नाव आहे, दावा त्याचा. हप्ता कोणाच्या खात्यातून गेला यावरून दाव्याचा हक्क ठरत नाही. पुष्कळदा सहल कंपनी आपल्या सर्व प्रवाशांचा मिळून एकच सामूहिक विमा घेते. तेथे मुख्य पॉलिसी कंपनीच्या नावे असते आणि प्रत्येक प्रवाशास वेगळे प्रमाणपत्र किंवा यादीतील नाव एवढेच मिळते. ते नाव हीच आपली नोंद. नाव नसेल तर पैसे भरल्याची पावती कितीही मोठी असो, विम्याच्या दृष्टीने तो मनुष्य प्रवासी नव्हे.

पण उसाच्या बिलापेक्षा विम्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि घोटाळा तेथेच होतो. विम्यातून मिळणारा पैसा दोन तऱ्हेचा असतो.

पहिली तऱ्हा : ठरलेली रक्कम

अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर अमुक लाख रुपये, असे आधीच ठरलेले असते. येथे कोणाचा किती खर्च झाला हा प्रश्न येत नाही. रक्कम त्या व्यक्तीस, आणि ती हयात नसेल तर तिने नेमलेल्या वारसास, म्हणजे नॉमिनीस मिळते. सहलीचे पैसे ज्याने भरले त्याचा या रकमेशी काही संबंध नाही.

रेल्वेचे उदाहरण घेऊ. आय. आर. सी. टी. सी. मार्फत ऑनलाईन तिकीट काढताना दर प्रवाशामागे ४५ पैसे देऊन विमा घेता येतो. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वास साडेसात लाखांपर्यंत, आणि दवाखान्याच्या खर्चास २ लाखांपर्यंत असे त्याचे स्वरूप आहे. स्टेशनच्या खिडकीवर काढलेल्या तिकिटास हा विमा नाही.

आता पुतण्याने आपल्या मोबाईलवरून सहा जणांची तिकिटे काढली, तर विम्याचा संदेश त्याच्याच मोबाईलवर आणि ई-मेलवर येतो. त्या संदेशात प्रत्येक प्रवाशाचा नॉमिनी भरण्यासाठी दुवा असतो. पुतण्या कामाच्या गडबडीत, तो संदेश तसाच राहतो, आणि काका-काकूंना तर आपला विमा आहे हेही ठाऊक नसते. नॉमिनी भरला नाही म्हणून दावा बुडत नाही. परंतु मग कायदेशीर वारसांनी कागद जुळवून हक्क सिद्ध करावा लागतो. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेसला अपघात होऊन २९० हून अधिक माणसे गेली. असा प्रसंग कोणावर न येवो, पण आल्यास घरच्यांना तेव्हा वारस दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत. दोन मिनिटांचे काम आहे, ते गाडीत बसण्यापूर्वी करावे.

कारखान्याच्या शेअरला वारस लावला आहे म्हणून प्रवास विम्यास तो आपोआप लागत नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

दुसरी तऱ्हा : झालेल्या नुकसानीची भरपाई

दवाखान्याचा खर्च, हरवलेले सामान आणि रद्द झालेली सहल ही सगळी भरपाईची खाती. येथे कंपनी दोन प्रश्न विचारते. विमा कोणाचा? आणि नुकसान कोणाचे झाले? दोन्हींचे उत्तर एकच माणूस असेल तर दावा सरळ चालतो. पैसे नातेवाईकाने भरले असतील तर दोन उत्तरे निघतात, आणि कंपनीस बोट ठेवायला जागा मिळते.

हिशेबासाठी आकडे धरून पाहू. एका पुतण्याने आठ माणसांच्या सहलीचे माणशी ३० हजारांप्रमाणे २ लाख ४० हजार रुपये आपल्या खात्यातून भरले. तो स्वतः, बायको व दोन मुले मिळून चार. चुलते व चुलती मिळून दोन. साडू व मेव्हणी मिळून दोन. निघायच्या पाच दिवस आधी चुलत्यांना दवाखान्यात भरती करावे लागले. मग कोणाचाच पाय निघेना, आठही जणांनी जाणे रद्द केले. सहल कंपनीने माणशी १२ हजार कापून बाकीचे परत दिले. नुकसान ९६ हजारांचे.

घरातल्या हिशेबाने ९६ हजार सगळेच मिळायला हवेत. विम्याच्या हिशेबाने तसे नाही. सहल रद्द झाल्याची भरपाई बहुतेक पॉलिसींत तेव्हाच मिळते, जेव्हा विमा उतरविलेली व्यक्ती स्वतः किंवा तिचा ‘जवळचा नातेवाईक’ आजारी पडतो अथवा मृत्यू पावतो. आणि ‘जवळचा नातेवाईक’ म्हणजे कोण हे पॉलिसीत छापलेले असते. बहुधा त्यात नवरा-बायको, मुले, आई-वडील येतात. कोठे सख्खी भावंडे आणि सासू-सासरे येतात. चुलते, पुतणे, साडू, आत्या, मामा यांची नावे बहुधा नसतात. आपल्या घरी चुलत-सख्खे असा भेद कोणी करीत नाही, एका चुलीवर जेवलेली माणसे आपण. कंपनी मात्र तो भेद करते.

तेव्हा वरच्या उदाहरणात चुलते व चुलती या दोघांचे २४ हजार बसतात. पुतण्याचे चौघे आणि साडूचे दोघे यांना ‘तुम्हास जाता येत होते, तुम्ही आपणहून रद्द केले’ असे उत्तर येण्याचा संभव मोठा. काही पॉलिसींत ‘सहप्रवासी’ आजारी पडला तरी भरपाई असते. ते कलम आहे की नाही हे विमा घेतानाच पाहावे.

आता त्या दोघांचे २४ हजार तरी सरळ मिळतील का? चुलते अर्ज करतात. कंपनी विचारते, ‘पैसे भरल्याचा पुरावा द्या.’ पुरावा पुतण्याच्या खात्याचा. कंपनी म्हणू शकते, ‘तुमच्या खिशातून काही गेले नाही, मग तुमचे नुकसान काय?’ पुतण्या अर्ज करतो, तर उत्तर येते, ‘आजारी तुम्ही नव्हता आणि ते तुमच्या पॉलिसीप्रमाणे जवळचे नातेवाईक नव्हेत.’ पैसे खरोखर गेले, आजार खरा, विमाही खरा, आणि तरी दोघांचे हात रिकामे. पुतण्या स्वतः सहलीस जाणारच नसेल, केवळ पैसे भरणारा असेल, तर त्याचा कंपनीशी बहुधा करारच नसतो.

सहल कंपनी जो पैसा परत देते तो साधारणपणे ज्या खात्यातून आला त्याच खात्यात जातो. रेल्वेच्या ऑनलाईन तिकिटाचेही तसेच. म्हणजे परतावा पुतण्याकडे आणि विम्याची भरपाई चुलत्यांकडे. हे आधी बोललेले नसेल तर मने दुखावतात.

एका घरची गोष्ट

आमच्या माहितीतील एका सभासद कुटुंबात असेच झाले. धाकट्या भावाने थोरल्यासह सर्वांना काशीस नेले, सगळा खर्च स्वतः केला. तेथे थोरले पायरीवरून घसरले, मांडीचे हाड मोडले. दवाखान्याचे पैसे धाकट्यानेच कार्डाने भरले. गावी आल्यावर दावा केला, तर दवाखान्याची पावती धाकट्याच्या नावे निघालेली, पॉलिसी थोरल्याच्या नावे, आणि मूळ बिले राहिली सहलीच्या मॅनेजरकडे. मोबाईलवर आलेली छायाचित्रे कंपनीने पुरेशी मानली नाहीत. दवाखान्याशी पत्रव्यवहार करून रुग्णाच्या नावे बिल व पावती मागवून घेण्यात चार महिने गेले.

अखेर रक्कम मंजूर झाली ती थोरल्यांच्या खात्यावर. थोरल्यांना वाटले, हे आपल्या मोडलेल्या पायाचे पैसे. धाकट्याला वाटले, भाऊ आपणहून देईल. दोघेही बोलले नाहीत. दिवाळीला पंगत दोन ठिकाणी बसली. पुढे त्यांच्या थोरल्या बहिणीने मध्ये पडून ते मिटविले, पण एका साध्या चिठ्ठीने ते मुळातच टळले असते.

म्हणून आमचे सांगणे असे की दवाखान्याचे बिल आणि पावती ही रुग्णाच्याच नावे घ्यावी, पैसे कोणीही भरोत. शक्य असेल तेथे विमा कंपनीच्या मदत केंद्रास आधी फोन करून कॅशलेसची सोय मागावी, म्हणजे खिशातून भरण्याचा प्रश्नच राहत नाही. आणि भरपाई आल्यास ती कोणाची, हे सहलीस निघण्यापूर्वी घरात बसून, चार ओळी लिहून ठरवावे. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. विहिरीच्या पाण्याची पाळी ज्यांनी तोंडी ठरविली, त्यांचे अनुभव आपण सर्वांनी पाहिले आहेत.

परदेशी मुलगा आई-वडिलांना बोलावतो तेव्हा

मुलाने विमानाचे तिकीट आणि विमा दोन्ही काढून पाठविले, तरी विमा आई-वडिलांच्या नावे असल्याने दावा त्यांचाच. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे. अनेकांना वाटते, व्हिसा मिळाला म्हणजे विमा चांगलाच असणार. तसे नव्हे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे जुने आजार बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात किंवा जीवावर बेतल्यासच थोडी मदत मिळते.

येथे एक मोठी चूक होते. अर्ज मुलगा भरतो, आणि ‘जुने आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहून मोकळा होतो. वडील गोळ्या घेतात हे त्याला कधी कोणी सांगितलेलेच नसते. खोटी माहिती लिहिली गेली म्हणून दावा नामंजूर झाला, तर नुकसान आई-वडिलांचे आणि बिल मुलाच्या गळ्यात. तरी ज्याच्या नावे विमा आहे त्याने अर्ज वाचून घेतल्याशिवाय तो पुढे जाऊ देऊ नये. वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्यावा.

जे विमे आपल्या हाती आधीच आहेत

सहलीचे पैसे कोणीही भरलेले असोत, सभासदाच्या स्वतःच्या नावे दोन आधार असू शकतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वास २ लाख, अंशतः अपंगत्वास १ लाख. खात्यात मे महिन्याअखेर २० रुपये शिल्लक असल्याची खात्री करावी, कारण योजनेचे वर्ष १ जूनपासून सुरू होते.

दुसरा आधार गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा. ही विमा पॉलिसी नसून २०२३ पासून राज्य सरकार थेट अनुदान देते. १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांना अपघाती मृत्यूस २ लाख रुपये. अपघात शेतातच व्हावा असे नाही. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावा. दुःखाचे दिवस संपेपर्यंत मुदत निघून जाते, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच हे लक्षात ठेवावे.

दावा नाकारला तर

पत्र आले की पुष्कळ जण कागद घडी करून ठेवतात. तसे करू नये. प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी अर्ज द्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा फोनही तक्रारीसाठी आहे.

तक्रार विमा कंपनीबद्दल नसून सहल कंपनीबद्दल असेल, म्हणजे कबूल केलेले हॉटेल दिले नाही, पैसे परत केले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग. येथे नातेवाईकाने पैसे भरले म्हणून अडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ज्याने पैसे भरले तो ग्राहक आहेच, शिवाय त्याच्या संमतीने ज्याने सेवा घेतली तोही ग्राहक आहे. म्हणजे पुतण्या किंवा चुलते, दोघांपैकी कोणीही तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची.

निघण्यापूर्वी करावयाची कामे

१. पॉलिसी किंवा प्रमाणपत्राची प्रत प्रत्येक प्रवाशाकडे असावी. त्यावरील नाव आधार कार्डाशी जुळते का पाहावे.

२. सहल कंपनीकडून पावती माणसागणिक घ्यावी. ‘अमुक यांजकडून अमुक प्रवाशाकरिता’ असे तीवर लिहून घ्यावे. आठ जणांची एकच ठोक पावती घेऊ नये.

३. चुलत्यांसारख्या वडीलधाऱ्यांचा वाटा शक्य तर त्यांच्याच खात्यातून भरावा. पुतण्याने तेवढी रक्कम आधी त्यांच्या खात्यात घालावी, म्हणजे दोन्ही प्रश्नांचे उत्तर एक होते.

४. विमा कंपनीस आधीच लेखी विचारावे : ‘सर्वांचे पैसे अमुक नातेवाईकाने भरले आहेत. सहल रद्द झाल्यास प्रत्येकाचा दावा मान्य होईल काय?’ उत्तर लेखी घ्यावे. एजंटाचे तोंडी ‘होऽ, होतंय की’ धरू नये.

५. ‘जवळचा नातेवाईक’ आणि ‘सहप्रवासी’ ही दोन कलमे वाचावीत.

६. नॉमिनी भरावा. जुने आजार खरे लिहावेत.

७. मूळ बिले, पावत्या, डॉक्टरांचा दाखला एका पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी रुग्णाच्या माणसाकडेच राहावी.

८. सहल रद्द करायची ठरल्यास त्याच दिवशी कळवावे. दिवस जातील तशी कापली जाणारी रक्कम वाढते.

घरातील एखाद्याने सगळ्यांना देवदर्शन घडवावे ही आपल्याकडची चांगली रीत आहे आणि ती चालू राहावी. ज्याने पैसे भरले त्याला पुढे नुकसान सोसावे लागू नये आणि जो गेला त्याला कोणाच्या उपकाराचे ओझे वाटू नये, एवढ्याचसाठी हे कागद. ज्या सभासदांना विम्याचा कागद समजत नसेल त्यांनी लागण नोंदीस येताना तो गट ऑफिसात बरोबर आणावा. आमचे शेती मदतनीस वाचून दाखवितील व अर्ज लिहिण्यास मदत करतील. या कामास काही पैसे पडत नाहीत.